सोमवारी सुरू होणारी गाडी

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आता कबूल करतो. तेव्हा मी त्याला हुशारी म्हणायचो. भाजीवालीने मूठभर कोथिंबीर वर टाकली, तरी मेथीची जुडी आतून सडकी असणार असं मला वाटायचं आणि मी तिथंच जुडी सोडून बघायचो. बायको लाजून चार पावलं पुढे जाऊन उभी राहायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात भवानी पेठेत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो: मी, बायको आणि वडील. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आई गेल्यावर जेऊरकडची शेती आणि बैलजोडी चुलत्याच्या हवाली करून ते आमच्याकडे आले होते. सगळा जन्म पहाटे उठून जनावरांचं बघण्यात गेलेला. शहरात त्यांना करायला काही नव्हतं, म्हणून ते पहाटे उठून नुसते पायरीवर बसायचे.

मी ऑइल इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात फिरतीवर होतो. त्यासाठी शेठनी दुकानाची जुनी मोटारसायकल दिली होती. सकाळी सातला निघून नऊ-सव्वानऊला टेंभुर्णी गाठायची. तिथले दुकानदार मागणी सकाळीच द्यायचे, आणि आपण उशिरा पोचलो की दुसऱ्या दुकानाचा माणूस ती घेऊन गेलेला असायचा.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि गाडी सकाळी रुसायला लागली. किक मारून मारून पोटरीत गोळा यायचा, स्वेटर घामाने भिजायचा, तेव्हा कुठे ती फडफडायची. दोनदा मी टेंभुर्णीला साडेदहाला पोचलो. शेठनी बोलावून घेतलं. "आता एकदा जरी उशीर झाला, तर किल्ली इथं ठेवा आणि दुसरीकडं काम बघा," ते हसत म्हणाले. शेठ नेहमी हसतच बोलायचे, पण बोललेलं विसरत नसत.

पहिला संशय अर्थातच गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीवर. त्याने कार्बोरेटर खोलून जेट फुंकून काढले, हवेचा स्क्रू पूर्ण आवळून दीड आटा सोडला, आणि एका किकमध्ये गाडी सुरू करून दाखवली. दुपारी कोणतीही गाडी सुरू होते, त्यात काय! मला खात्री होती, की मी पुन्हा पुन्हा यावं म्हणून हा काहीतरी ढिलं ठेवतोय. घरी आल्यावर मीच स्क्रूड्रायव्हर घेतला. थंडीत गाडीला पेट्रोल जास्त लागतं, एवढं मला माहीत होतं, म्हणून हवेचा स्क्रू अर्धा आटा आवळला. दुसऱ्या दिवशी गाडी आणखी बिघडली. प्लग काढून बघितला तर पेट्रोलने ओला चिंब.

मिस्त्री म्हणाला, "रातभर गाडी मेरे पास छोडो, साब. सुबू ठंडी में देखता मैं." सोडली. पहाटे मी मुद्दाम त्याच्या आधी जाऊन गॅरेजसमोर उभा राहिलो. त्याने कुलूप काढलं, गाडी बाहेर घेतली, कार्बोरेटरवरची बारीक पिन, आत पेट्रोल भरायला मीही रोज दाबायचो तीच, जरा दाबली आणि किक मारली. पहिल्या किकला सुरू! "गाडी में कुछ नै साब," तो हात पुसत म्हणाला. "अपने घर में देखो."

हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं. आता मी घरी नीट बघायला लागलो आणि दोन गोष्टी सापडल्या. अंगणात गाडीखालच्या फरशीवर रोज सकाळी पेट्रोलचा ताजा ओला डाग असायचा. म्हणजे मी आंघोळीला गेलो की कोणीतरी गाडीशी खेळत होतं, बहुतेक पेट्रोल काढत होतं. दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. दर सोमवारी डाग नसायचा, आणि गाडी पहिल्या किकला सुरू व्हायची.

सोमवारी काय वेगळं होतं? सोमवारी आमच्या शेजाऱ्याला सुट्टी असायची.

शेजारी चादरींच्या सुताला रंग द्यायच्या कारखान्यात कामाला होता. तेलुगू घरातला, कमी बोलणारा माणूस. एरवी तो पहाटेच अंगणातल्या नळावर यायचा, सोमवारी मात्र आठपर्यंत झोपायचा. त्याच्याकडे एक स्टोव्हही होता. पेट्रोल स्टोव्हमध्ये घालत नाहीत, हे मला समजत होतं, पण संशयाचं तेवढ्याने अडत नाही. चोरी करून वर माझी नोकरी घालवायला निघालाय, म्हणून मी आतल्या आत जळत होतो.

मंगळवारी संध्याकाळी मी सापळा लावला. कपड्यांना घालायची नीळ घेतली, आणि पेट्रोलच्या कॉकला आणि कार्बोरेटरच्या पिनेला तिची पूड चोळून ठेवली. बायको म्हणाली, "अहो, काय हे?" मी म्हटलं, "उद्या कळेल."

बुधवारी आंघोळ करून बाहेर आलो. पिनेवरची नीळ पुसली गेली होती, खाली डाग होता. आणि नळावर शेजारी दात घासत उभा होता, कोपरापर्यंत निळा.

आता सांगताना हसू येतं. तो माणूस रंगारी होता. त्याचे हात कधी लाल असायचे, कधी हिरवे, आणि मी ते दोन वर्षं रोज बघत होतो. पण त्या सकाळी मला फक्त निळा दिसला. मी त्याचं मनगट धरलं आणि सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "सापडलास! माझ्या गाडीतलं पेट्रोल चोरतोस?"

त्याने आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. "हा कारखान्याचा रंग आहे," तो हळू म्हणाला. त्याची बायको दारात आली. समोरच्या बिऱ्हाडातली माणसं बाहेर आली. मी मनगट सोडलं नाही.

"सोड त्याला," आबा म्हणाले.

ते पायरीवरून उठून आले होते. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठा आणि शेजारचं बोट निळं होतं.

"म्या लावतो हात गाडीला. त्यो न्हाई."

"तुम्ही? कशाला?"

"तू रोज निगायच्या आदी ती पिन दाबून गाडीला पाजतूस की. म्या बघितलंय. लई घाईत आसतूस. म्हटलं, तू न्हाईस तवर आपुनच पाजावं पोटभर. उपाशी जनावर कामाला जुंपू न्हाई."

मग मला सगळं उलगडलं. मी आंघोळीला गेलो की आबा कॉक उघडून पिन दाबून धरायचे, पेट्रोल खाली सांडेपर्यंत. कॉक बंद करून परत पायरीवर. मग मी येऊन तेच पुन्हा करायचो. गाडी पेट्रोलने गुदमरत होती. त्यात मी स्क्रू आवळून तिची हवाही कमी केली होती.

"आणि सोमवारी?" मी विचारलं.

आबांना तो प्रश्नच कळला नाही. "सोमवारी बैल जुंपत न्हाईत. तू नेतूस गाडी, त्ये तुझं पाप तुझ्याकडं. म्या न्हाई हात लावत."

समोरच्या बिऱ्हाडातलं कोणीतरी हसलं. मला शेजाऱ्याकडे बघवेना. सात वाजून गेले होते. मी कॉक बंद केला, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरला आणि किक मारत राहिलो. सातव्या-आठव्या किकला भलामोठा धूर सोडून गाडी सुरू झाली. मी निघालो आणि सव्वानऊच्या आत टेंभुर्णीत पोचलो. त्या दिवशी मागणीही चांगली मिळाली, आणि नोकरी टिकली.

शेजाऱ्याची माफी मागायला मला चार दिवस लागले. त्याने ती उभ्या उभ्या ऐकली, "बरं" म्हणाला आणि आत गेला. त्याच्या जागी मी असतो तर एवढंही म्हटलं नसतं.

आबा पायरीवर बसायचे, पण गाडीकडे पाठ करून. ते बघून मला फार वाईट वाटायचं. इतक्या मोठ्या शहरात त्या माणसाने स्वतःसाठी एक काम शोधलं होतं, तेही माझ्यासाठी, आणि मी ते अंगणात सगळ्यांसमोर काढून घेतलं होतं. शेवटी एका रात्री जेवताना मी म्हटलं, "आबा, उद्यापासून पिन तुम्हीच दाबा. मी दाबणार नाही. फक्त पहिला थेंब बाहेर आला की सोडायची."

"पयला थेंब," आबा म्हणाले. त्या रात्री त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

सकाळी मी मोरीत गेलो. मोरीची खिडकी अंगणात उघडायची. आंघोळीचा आवाज व्हावा म्हणून मी एका हाताने तांब्यातांब्याने पाणी नुसतं फरशीवर ओतत राहिलो आणि खिडकीच्या फटीला डोळा लावला. नोकरीचा प्रश्न होता, असं मी स्वतःला समजावत होतो. आबांनी कॉक उघडला. वाकून, डोळे बारीक करून पिन दाबली. पहिला थेंब पडला आणि त्यांनी लगेच हात काढला. मिस्त्रीलाही जमलं नसतं इतकं बरोबर. मी बघत राहिलो आणि पाणी ओतायचं विसरलो.

आवाज थांबला तसे आबांनी खिडकीकडे बघितलं. बराच वेळ बघत होते.

मी बाहेर आलो तेव्हा माझं अंग कोरडं होतं. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

"तूच दाबत जा," आबा म्हणाले. "राखण बसवून काम केलं न्हाई म्या कदी."

त्यानंतर दोन हिवाळे ते आमच्याकडे होते. गाडीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.