मांजरीने निवडलेली खोली

हे मी पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे बसलेल्या फादरांनाही कधी सांगितले नाही. वर्षानुवर्षे गुडघे टेकत आलो, रागाचा, आळसाचा, कठोर शब्दांचा पाढा वाचत आलो — आणि हे तेवढे ओठांच्या आत ठेवले. विसरलो म्हणून नव्हे. फादर मायेने म्हणतील, "मास्तर, मांजरच ना ती?" — या भीतीने. तुम्हीही तेच म्हणणार असाल, तर कृपा करून इथेच थांबा. मला ते सांत्वन नको आहे.

आणीबाणी उठली, त्याच्या आसपासची गोष्ट. वसईच्या पश्चिमेला आमची केळीची वाडी. मी शाळेत शिकवीत असे आणि उरलेला वेळ वाडीत काढीत असे. एका पावसाळ्यानंतर विहिरीमागे एक राखाडी मांजरी दिसू लागली. पूर्ण रानटी. माझी पत्नी रोझी तिला रोज बोंबलांची डोकी टाकी. रोझी आत गेल्याशिवाय ती कुंपणाबाहेर येत नसे. मी मात्र हट्टाला पेटलो. कशासाठी? दया म्हणू? तसे म्हटले तर ते आणखी एक खोटे होईल. आवाज न चढवता मी कोणत्याही द्वाड मुलाला वळणावर आणतो, असा माझा शाळेत लौकिक होता. तो मला त्या मुक्या जिवावर पुन्हा एकदा सिद्ध करायचा होता.

मी तिच्याकडे पाठ करून बसे. मांदेलीची थाळी लांब ठेवायची, रोज वीतभर अलीकडे घ्यायची. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. नजर गेलीच, तर पापण्या सावकाश मिटायच्या. खोकला आला तर गिळायचा. नाताळ गेला. उपवासकाळ लागला, तेव्हा ती माझ्या चपलेशेजारी बसून खाऊ लागली होती. हात मात्र लावू देत नसे. मीही कधी लावला नाही — आणि त्याचाच मला गर्व होता.

ईस्टरनंतर ती व्याली. डोळे न उघडलेली पिल्ले एकेक करून तोंडात धरून, माझ्या देखत, झरोक्यातून आमच्या पिकवणीच्या खोलीत घेऊन गेली. साऱ्या वाडीत तिला तीच जागा सुरक्षित वाटली. का वाटली? कारण तिथे मी वावरत असे.

पिकवणीची खोली म्हणजे बिनखिडकीची, कोंदट. कच्चे घड तिथे रचायचे, मडक्यात नारळाची सोललेली सोडणे धुमसत ठेवायची, झरोका ओल्या गोणपाटाने बुजवायचा, दाराच्या फटी चिखलाने लिंपायच्या. मग दार उघडायचे नाही. उघडले की धूर जातो, आणि केळी वरून पिवळी, आतून कडक, दडस राहतात.

मे महिन्यात आमच्या गावी क्रुसाचा सण असतो. क्रुसापुढे प्रार्थना झाली की साऱ्या गावाला उकडलेले चणे आणि केळी वाटतात. त्या वर्षी तो मान आमच्या घराकडे होता. आदल्या वर्षीच्या मानकऱ्याची केळी दडस निघाली होती, आणि लोक अजूनही त्याला विचारत होते, "काय रे, पिकली का तुझी केळी?" मीही एकदा विचारले होते.

घड रचायच्या सकाळी रोझी म्हणाली, "अहो, पिल्लांचं काय करायचं?"

"तीच हलवील. आपण हात लावला, तर माणसाचा वास लागेल, तिचा विश्वास जाईल."

पाहिलेत? किती सुसंस्कृत कारण होते माझ्याजवळ! गड्यांची ये-जा सुरू होताच मांजरीने एक पिल्लू बाहेर नेले. ते मी पाहिले. बाकीचीही गेली असतील, असे मी ठरवले. समजलो नाही — ठरवले. कोपऱ्यातल्या पेंढ्यात वाकून पाहायला कितीसा वेळ लागला असता?

धूर केला. झरोका बुजवला. खाडीकडचा गडी धर्मा दार लिंपत होता, तेवढ्यात ती परतली. आधी झरोक्याकडे उड्या घेतल्या, मग ओला चिखल नखांनी उकरू लागली.

"मास्तर, ही काय करते? आत पोरां त नाय ना हिची?"

"नाही. हलवली तिने सकाळी."

"मंग इसरली असंल. सात घरां फिरवतं ना मांजर, कंचा घर कंचा, त्याला तरी काय ठावं?" तो हसला आणि हात धुवायला विहिरीवर गेला. "जरा पानी घेतो."

मी एकटा उरलो. आणि ती दार सोडून माझ्याकडे आली. जिने मला कधी बोटाचा स्पर्श होऊ दिला नव्हता, तिने माझ्या नडगीवर डोके घासले. पुन्हा घासले. वर पाहिले. मी तिला शिकवले होते ना, की या माणसाजवळ यायला हरकत नाही? ती आली होती.

त्याच वेळी दारामागून आवाज आला. बारीक, फाटका. मी तो ऐकला. चिखल ओला होता; खांद्याच्या एका धक्क्याने दार उघडले असते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र क्रुसाजवळ जमलेला गाव होता, दडस केळे चावून एकमेकांकडे पाहणारा. मी वाकलो, आणि तिच्या नखांनी पडलेल्या रेघा तळहाताने लिंपून टाकल्या.

केळी उत्तम पिकली. खोलीत आधी मी एकटा गेलो, पेंढ्यातली दोन पिल्ले उचलली आणि वाडीच्या टोकाला पुरली. रोझीला सांगितले की बोक्याने नेली असतील. ते ऐकून धर्माने शेजारच्या पिवळ्या बोक्याला असा दगड हाणला, की तो पुढे कायम लंगडला. तेही मी पाहिले, आणि गप्प राहिलो. क्रुसापुढे म्हाताऱ्यांनी केळ्यांची वाखाणणी केली. मी हात जोडून ती स्वीकारली.

मांजरी रुसून निघून गेली असती, तर मला ती शिक्षा वाटली असती. ती गेली नाही. वाचलेल्या पिल्लासह आमच्याकडेच राहिली, पुढे माझ्या मांडीवर झोपू लागली. आणि मी तिला झोपू दिले.

रोझी आता नाही. शेवटच्या आजारातही भेटायला येणाऱ्याला ती कौतुकाने सांगे, "आमच्या ह्यांनी रानटी मांजरीला माणसाळवलं. कधी जबरदस्ती केली नाही." मी खाटेशेजारी बसलेला असे. होकारार्थी मान हलवीत असे.

गावाचा धाक होता, मान होता, घाई होती — यांतले काहीही माझ्या बाजूने मांडू नका. मला आवाज ऐकू आला होता. दार हाताच्या अंतरावर होते. मी ते उघडले नाही.