टेलरताईंचा लबाड टेप

टेलरताईंकडे बायका लांबून लांबून कपडे शिवायला येत. त्याचं कारण ताईंचा हात नव्हे, त्यांचा टेप. कधीकाळी त्याचं सुरुवातीचं टोक फाटलं, तेव्हा ताईंनी शून्याच्या आधी दोन इंच जास्तीची कोरी पट्टी जोडली. झालं, छत्तीसची कंबर चौतीस भरायला लागली! कापताना ताई गुपचूप दोन इंच वाढवायच्या, कपडा अंगावर छान बसायचा आणि बाई हसत घरी जायची. कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं ते ताईंचंच. सत्तेचाळिसावं लागलं आणि पाळीनं लपंडाव मांडला. दोन महिने दडी मारायची, मग आगंतुक पाहुण्यासारखी आठवडाभर मुक्काम ठोकायची. इस्त्री हातात नसली तरी अंगातून वाफा निघायच्या. झोप उडाली ती उडालीच. आणि पोट? खाणं तेवढंच, पोट मात्र वाढतंय. स्वतःसाठी ताईंनी ड्रॉवरमध्ये खरा टेप ठेवला होता, तो काही दयामाया दाखवेना.

"जरा पोटाकडे बघ की," नवरा जेवता जेवता म्हणाला. त्याचं स्वतःचं पोट त्याच्याआधी टेबलाला टेकायचं. पण ते म्हणे खात्यापित्या घरचं! बायकोचं तेवढं आळसाचं.

ताई डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाई त्यांच्याच वयाच्या, त्यांचे पांढरे कोट ताईच शिवायच्या.

"निम्मं जेवा. सातनंतर फक्त पाणी," बाई म्हणाल्या. "मी तेच करते. म्हणून या वयातही माझी कंबर चौतीस! तुम्हीच तर मोजता!"

ताईंच्या जिभेवर आलं होतं, पण गिळलं. टेपाचं बिंग फुटलं तर गिऱ्हाइकं फिरकायची नाहीत. शिवाय बाईंनी नियम लिहून दिले होते, त्या कागदावर डॉक्टरचा शिक्का! ताईंनी तो कागद मशीनच्या वर भिंतीला चिकटवला आणि अर्धपोटी राहायला लागल्या.

सव्वा महिन्यात दीड किलो उतरलं आणि त्याच्याबरोबर अंगातलं त्राणही. बाह्या उलट्या जोडल्या जायला लागल्या. एका दुपारी मशीनवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सुई बोटात आरपार. ही बोटं गेली तर पुढं काय?

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई नव्या कोटाचं माप द्यायला आल्या. "बोटाला काय झालं?"

"तुमचा कागद चावला. चक्कर आली उपाशीपोटी."

"काहीतरीच! नियम नीट पाळले नसतील. माझ्याकडे बघा."

ताईंनी बघितलं. मग ड्रॉवर उघडला आणि खरा टेप बाईंच्या कमरेला लावला.

"छत्तीस."

"अहो, नीट धरा!"

"धरलाय. आता पोट आत ओढलंय ते सोडा."

बाईंनी सोडलं. सदतीस.

ताईंनी जुना टेप पुढं केला, जोडलेली पट्टी दाखवली. बाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे मीसुद्धा?"

"तुम्ही, समोरच्या हेडबाई, माझी नणंद. या गल्लीतली प्रत्येक बाई माझ्या टेपावर दोन इंच बारीक आहे."

"आणि मी या मापाच्या जोरावर सगळ्यांना उपाशी मारतेय!" बाईंनी उठून भिंतीवरचा कागद टरकावला. "पोटभर जेवा. डाळी, अंडी, दूध घ्या. रोज चाला, थोडी वजनं उचला, मशीनवरून मधूनमधून उठा. रक्तही तपासू. या वयात अंग बदलतं हो, थोडं पोट राहीलच."

"आणि तुम्ही?"

"मीही येते चालायला." दारापर्यंत जाऊन त्या परत वळल्या. आवाज खाली. "कोट सदतीसचा कापा. मापाच्या चिठ्ठीवर मात्र चौतीसच लिहा."

त्या संध्याकाळी ताई पोटभर जेवल्या. नवऱ्यानं त्यांच्या पोटाकडे नजर टाकली आणि तोंड उघडलं. ताईंनी खरा टेप त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"आधी तुम्ही उठा, हात वर करा."

त्यानं उघडलेल्या तोंडात घास घातला.