दहाव्याची कांदाभजी

माझ्या वडिलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, तो मी आणला होता. कांदाभजीचा एक तुकडा ठेवून. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. या वर्षी आईला सांगितली, पण ती सांगूनही न सांगितल्यासारखी झाली. कशी, ते पुढे येईलच. आधी एवढंच सांगतो की त्या कावळ्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीला आमच्या घराचं दार कायमचं बंद झालं.

मी देव मानत नाही. याचा गाजावाजाही करत नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. माल नापास करणं हे माझं काम, आणि माणसांनाही मी मनातल्या मनात नापास करत असतो. आमच्याकडे परदेशातून एक मशीन आलं. केसाच्या जाडीचा फरक पकडणारं. त्याच्या कपाळावर पहिल्याच दिवशी हळदकुंकू लागलं आणि लिंबू-मिरची लटकली. मशीन बंद पडतं तेव्हा मात्र सगळे इंजिनियरला फोन लावतात. जरा लिंबू बदलून बघा, असं तेव्हा कुणी म्हणत नाही. मी बोलत नाही. प्रसाद घेतो, कागदात गुंडाळतो, घरी जाताना गाईपुढे टाकतो आणि गालात हसतो. वाद घालण्यापेक्षा ते हसणं लोकांना जास्त लागतं, हे मला ठाऊक आहे.

त्यात आम्ही नाशिकचे. नाशकात घर असलं की साऱ्या महाराष्ट्रातले मेलेले नातेवाईक तुमच्याकडे मुक्कामाला येतात. गाडीच्या डिकीत अस्थींचं गाठोडं, पुढच्या सीटवर रडून डोळे सुजलेला मुलगा. रामकुंडावर नेऊन विधी उरकले की तोच मुलगा विचारतो, "इथं मिसळ चांगली कुठं मिळते हो?" अस्थी आणि मिसळ, दोन्ही ठिकाणी मीच नेतो. गुरुजींच्या एका कानाला फोन, समोर तीन कुटुंबं, आणि दक्षिणेसाठी ताम्हनाला टेकवून ठेवलेला स्कॅनचा कागद. एकदा तर अमेरिकेतल्या एका मुलाने व्हिडिओ कॉलवर पिंड दिले. मध्येच आवाज तुटायला लागला. गुरुजी म्हणाले, "गोत्र परत सांगा, गोत्र ऐकू आलं नाही." मी तेव्हाही गालात हसलो.

बहिणीने लग्न केलं ते दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराशी. कॉलेजातली ओळख. मुलगा सज्जन, कष्टाळू, आमच्यापेक्षा खाऊन-पिऊन सुखी. फक्त आमच्या जातीचा नाही. वडील एकच वाक्य बोलले, "तिनं परत या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही." ते कधी जास्त बोलायचेच नाहीत, त्यामुळे त्यांचं एकेक वाक्य घरात कोरलं जायचं. आई आत जाऊन रडली. मी काहीच केलं नाही. दिवाळीला बहिणीचा फोन यायचा, तो मी कारखान्याच्या गेटबाहेर जाऊन घ्यायचो.

पुढे वडील आजारी पडले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसलो होतो. आई डबा आणायला घरी गेलेली. बाहेर ढग दाटून आले होते आणि वडिलांनी डोळे न उघडता विचारलं, "दिंडोरीकडं गारपीट झाली का रे?"

दिंडोरीत आमचं शेत नाही. घर नाही. बहिणीशिवाय दुसरं माणूस नाही. तिच्या बागेत त्या दिवसांत माल काढणीला आलेला असणार, हे वडिलांना ठाऊक होतं. मी म्हणालो, "नाही बाबा, तिकडं काही नाही." मला खरं तर माहीतही नव्हतं. ते "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे वळले. मला सगळं समजलं होतं. तिला फोन लावायला कितीसा वेळ लागला असता? मी उद्या लावू म्हणालो, परवा लावू म्हणालो, आणि मग वडील गेले.

दहाव्याला मी डोकं भादरून, ओलं धोतर नेसून घाटावर उभा. पिंड ठेवला. बाजूला वडिलांना आवडायचं म्हणून जिलेबी, श्रीखंड आणि कागदी कपात चहा. कावळा येईना. चांदवडहून आलेले मोठे काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पंच उभे राहतात तसे कमरेवर हात ठेवून उभे. घाटावर कावळ्यांचा तोटा नव्हता, पण इथल्या कावळ्यांपुढे रोज इतके पिंड येतात की ते भाताकडे ढुंकूनही बघत नाहीत.

अशा वेळी मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं समजतात आणि एकेक जण पुढे होऊन हात जोडून वचन देतो. सुरुवात आत्यापासून झाली. "दादा, वहिनीला आम्ही अंतर देणार नाही." कावळा नाही. माझी बायको म्हणाली, "बाबा, नातवाला इंजिनियर करू." कावळा नाही. खालच्या मजल्यावरचे शेजारी पुढे आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काका, तुमच्या टाकीची गळती सोसायटी दुरुस्त करेल." त्यालाही नाही.

"अहो, दर्भाचा कावळा करू," गुरुजी घड्याळ बघत म्हणाले. धर्मात सगळ्याची सोय आहे. खरा नाही आला तर गवताचा.

"गवताचा नाय चालायचा!" काका उखडले. "माझा भाऊ काय बेवारस हाय का? लोकं शेण घालतील तोंडात."

शेजारच्या कुटुंबाचा पिंड शिवून झाला होता. त्यांच्यातली एक बाई आमच्याकडे बघून चुकचुकली. मला भूक लागली होती, डोक्यावर ऊन लागत होतं, आणि या साऱ्या माणसांचा, कावळ्याच्या चोचीवर टांगलेल्या त्यांच्या अकलेचा मला असा राग आला होता की बोलायची सोय नव्हती. वर रस्त्याला लागून भज्यांची गाडी होती. सगळे कावळे तिथे, सांडलेल्या चुऱ्यावर तुटून पडलेले. मी "लघवीला जाऊन येतो" म्हणालो. गाडीवाल्याने माझं भादरलेलं डोकं आणि ओलं धोतर वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "चटणी देऊ?"

खाली आलो तेव्हा भजी माझ्या जोडलेल्या तळहातांत होती. गरम. मी तसाच पिंडापुढे गेलो, वाकलो आणि तुकडा भातात खुपसला. मागून आत्या हुंदका देत म्हणाली, "बघा, लेकरानं पहिल्यांदा मनापासून हात जोडले!"

मी मागे सरलो आणि तेवढ्यात आत्याच पुढे म्हणाली, "वहिनी, दादाचा जीव पोरीत अडकला असंल. बोला काहीतरी."

बहीण आली होती. पलीकडच्या पायऱ्यांवर एकटीच उभी होती. तिला कुणी अलीकडे बोलावलं नव्हतं. मीही नाही. आई उठली. पदर सावरला. ती पिंडाकडे दोन पावलं गेली, तिचे ओठ हलत होते. ती काय बोलणार होती ते मी पैजेवर सांगतो. पण काका तिला ओलांडून पुढे झाले आणि घाटभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाऊ, काळजी करू नको! तुझा शब्द मोडणार नाय. ती पोरगी तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाय!"

आणि कावळा आला. चोच मारली, भजी उचलली, थोडा भात सांडला, गेला.

"शिवला! शिवला!" एकच गलका. काकांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले. गुरुजींनी पुढच्या कुटुंबाला हाक मारली. आई जागच्या जागी खाली बसली. मी पलीकडच्या पायऱ्यांकडे पाहिलं तर तिथे कुणी नव्हतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. कावळा भज्यासाठी आला, वडिलांनी शेवटी दिंडोरीचंच विचारलं होतं. बोललो नाही. बापाच्या पिंडात कांदा घातला म्हणून काकांनी तिथेच मला नदीत लोटलं असतं, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला जास्त जड जातं. घरातला एकुलता एक चांगला मुलगा असण्याची मला सवय लागली होती, आणि ती सोयीची होती.

तेव्हापासून आई बहिणीला भेटलेली नाही. "मी कोण बदलणारी? त्यांनी स्वतः येऊन सांगितलं," एवढंच म्हणते. बहीण दर हंगामात द्राक्षांची पेटी माझ्या कारखान्यावर पाठवते. मी ती बाजारातून आणली म्हणून घरी नेतो. आई एकेक मणी सावकाश खाते. हंगाम जवळ आला की विचारते, "आली का रे द्राक्षं बाजारात?" नाशिकच्या बाजारात द्राक्षांचे ढीग लागलेले असतात तेव्हाही विचारते.

या वर्षी मोठे काका गेले. त्यांच्या दहाव्याला पिंड खाली ठेवतो न ठेवतो तोच कावळा झडप घालून शिवला. दुसऱ्यांच्या घरातल्या सुना-लेकींचे निवाडे करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांची म्हणे एकही इच्छा राहिली नव्हती. परतताना गाडीत आम्ही दोघंच, मी आणि आई. सिंहस्थासाठी रस्ते उकरून ठेवलेले, गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली. आई म्हणाली, "पुण्यवान माणूस."

माझा तोल गेला. मी तिला भज्याचं सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "कांद्याची?"

"हो."

"दहाव्याला?"

"आई, मुद्दा तो नाहीये! कावळा भज्यासाठी आला. काकांच्या बोलण्यासाठी नाही."

"ते कळलं मला. पण भजी आणायची बुद्धी तुला कुणी दिली?" तिचा आवाज अगदी शांत होता. "तू आयुष्यात कधी हात जोडले नाहीस. त्या दिवशी जोडलेस. त्यांनीच जोडायला लावले."

नापास करायला काही सापडेना. माझा कबुलीजबाबच तिने पुराव्यात जमा केला. मग मी आयुष्यातला सर्वांत मूर्ख उपाय केला. म्हणालो, "बाबा परवा माझ्या स्वप्नात आले होते. म्हणाले, पोरीला बोलाव."

आईने माझ्याकडे मान वळवली. "तुझ्या? मी शेजारच्या खोलीत झोपलेली असताना ते तुझ्या स्वप्नात येतील? खोटं बोलू नकोस रे. या वयात शोभत नाही."

आता उरलं ते एकच खरं. दवाखाना, ढग, गारपीट. मी तेही सांगितलं, शब्द न् शब्द. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, मी पाहिलं. घाटावर दोन पावलं गेली होती तेव्हाचं.

"मग तेव्हा का नाही बोललास?"

पुढची गाडी हलली म्हणून मी गिअर टाकला.

"स्वप्नाचंही तूच सांगतोस, हेही तूच सांगतोस," ती म्हणाली आणि काचेतून बाहेर पाहू लागली. "कावळा तरी सगळ्यांनी पाहिला."

खणलेल्या रस्त्याकडेला एकाने द्राक्षांची हातगाडी लावली होती. गाडी तिच्यासमोर खोळंबली. आई त्या घडांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "आली का रे द्राक्षं बाजारात?"

"येतील दोन दिवसांत," मी म्हणालो.

पेटी परवा आली. बहिणीने फोनवर विचारलं, "दादा, आईला आवडली का?" मी हो म्हणालो. ती थांबली. दर वर्षी ती इथे थोडी थांबते आणि दर वर्षी मी फोन ठेवतो. परवाही ठेवला. देव न मानणारा मी, आईच्या श्रद्धेवर सगळं ढकलून मोकळा होतो. पण बहिणीच्या कानापर्यंत पोचायला कुठला कावळा आडवा येत नाही.

तिला मी दोन वाक्यांचं देणं लागतो. बाबांनी शेवटी तुझ्या बागेची चौकशी केली होती. आणि तो कावळा मी आणला होता.