इस्त्री केलेला झेंडा

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही लेस्टरहून वॉटफर्डला घरी आलो, तर आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याच्या खांबावर झेंडा. पांढऱ्यावर तांबडी फुली, म्हणजे इंग्लंडचा; हल्ली आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना बजावायलाही तो लावतात. इंग्लंडच्या संताचा, सेंट जॉर्जचा दिवस चार दिवसांवर आला होता. झेंडे लावताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी बोलतही नव्हतं. एरवी कचऱ्याच्या डब्यांवरून रस्त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाभारत घडवणारी माणसं ही!

सोमवारी सकाळी आमच्या दारासमोरचा झेंडा सुटून चिखलात पडला. त्यावर कुणाच्या तरी बुटाचा ठसाही उमटला होता. मला ते बघवेना. पुण्याच्या शाळेत पीटीच्या बाईंनी झेंडा मातीला लागू द्यायचा नाही हे असं काही डोक्यात भरवलं होतं, की हा झेंडा कुणाचा, हा प्रश्नच मला पडला नाही. मी तो उचलून घरी आणला, हातानं धुतला आणि पुढच्या खोलीत रॅकवर वाळत घातला. संध्याकाळी छान इस्त्रीसुद्धा केली.

तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला. मोकळा खांब, खाली एकच ओळ : ‘आपला झेंडा कुणीतरी काढला आहे.’ फोटोत खांबाच्या मागे आमची खिडकी होती आणि खिडकीत, रॅकवर, तांबडी फुली स्पष्ट दिसत होती. सगळ्यांनी तो फोटो पाहिला. खाली कुणीही एक अक्षर लिहिलं नाही.

नवरा म्हणाला, “अगं, हात दाखवून अवलक्षण! आता त्यावर काही लिहू नकोस.” तरी मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा खोडलं. ‘धुवायला नेला होता’ यावर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

आमची लेक सात वर्षांची. तीन घरं सोडून राहणारी तिची मैत्रीण रोज सव्वाआठला बेल वाजवायची, मग दोघी आणि त्यांच्यामागे आम्ही दोघी आया शाळेत जायचो. मंगळवारी बेल वाजली नाही. बुधवारीही नाही. लेक पायात बूट घालून दाराशी बसून राहिली. मला संताप आला. माझं काय व्हायचं ते होवो, पण पोरीनं काय केलं होतं?

बुधवारी दुपारी घडी घातलेला झेंडा घेऊन मी समोरच्या आजोबांकडे गेले. त्यांनी साखळी न काढताच दार उघडलं. मी सगळं सांगितलं. “मी मानतो तुमचं,” ते म्हणाले, “पण तो इथं ठेवू नका.”

“लावले कुणी हे?”

“मला वाटलं, शेजारच्यांनी. त्यांना वाटलं, मी.” मग आवाज उतरवून म्हणाले, “मी दरवर्षी कुंडीत एक छोटासा लावतो. मला आवडतो तो. यंदा नाही लावला.”

दार लागलं. मी वळले, तर आमच्या खांबावर नवा झेंडा होता, पाकिटातल्या घड्या अजून न मोडलेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शिडीचा आवाज नाही, पावलांचा नाही. मी घरात पळाले आणि दाराला दोन्ही कड्या घातल्या.

गुरुवारी सेंट जॉर्जचा दिवस. शाळेनं मुलांना लाल-पांढरे कपडे घालून बोलावलं होतं. सव्वाआठ वाजून गेले. लेक म्हणाली, “आई, तो झेंडा मला बांध ना, केपसारखा. मग सगळ्यांना दिसेल आपण वॉश केलं ते.”

मी दुहेरी घडी करून तिच्या खांद्यावर बांधला. आम्ही निघालो. एकेका खिडकीचा पडदा हलत होता. वळणावर मैत्रीण आणि तिची आई दिसल्या. त्या थांबल्या. तिच्या आईनं माझ्या लेकीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि ती तोंडभर हसली. “किती गोड दिसतेस गं!” मैत्रिणीनं लगेच लेकीचा हात धरला.

मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण मला फार हायसं वाटलं.

शाळेच्या फाटकाशी लेक गाठ सोडायला लागली. गळ्याला काचतंय म्हणाली. मी तिचा हात धरला.

“राहू दे,” मी म्हणाले. “घरी येईपर्यंत काढू नकोस.”