अक्कांच्या कुत्र्यांचा प्रोग्राम आणि ताईचे डबे

माझी अब्रू आणि ताईचा डब्यांचा धंदा, दोन्ही मारतहळ्ळीच्या रेवतीअक्कांनी वाचवले. अक्का भटक्या कुत्र्यांना जेवू घालतात. (आमचा संबंध तिथूनच आला.)

मी नववीत शाळा सोडली आणि लातूरहून इकडे कानडी मुलखात, के. आर. पुरमला ताईकडे आलो. सकाळी डबे पोचवायचे, दुपारी मोबाईलवर प्रोग्रामिंग शिकायचं. एक ऑफिस आठवडाभर ताईचे डबे चाखून मोठी ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवणार होतं. ताई म्हणाली, "त्या लोकांना सगळं मोबाईलवर लागतं. एवढं शिकतोस, कर की काहीतरी!"

मला कुठलं येतंय! पण नेटवर एक फुकटचा प्रोग्राम सापडला. कुणाला कधी जेवण द्यायचं, कुणी खाल्लं, कुणी टाकलं. जणू ताईसाठीच लिहिलेला! वर 'रेवती' असं नाव आणि इंग्रजीत लांबलचक परिच्छेद. (इंग्रजी परिच्छेद दिसला की माझे डोळे आपोआप मिटतात.)

"ही रेवती कोण?" ताईने विचारलं.

"जिने लिहिलाय ती."

"मग आपल्या डब्यांवर तिचं नाव कशाला? काढ!"

ताईच्या घरात चमच्यावरसुद्धा तिचं नाव कोरलेलं आहे. मी रेवती पुसली, ताई घातली.

पहिला दिवस झकास. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या साहेबांनी भात टाकला. मी प्रामाणिकपणे 'शिल्लक'वर बोट ठेवलं, आणि साहेबांना इंग्रजीत निरोप गेला, 'तुमचा लाडका आज जेवला नाही. जंताचं औषध दिलंत का?'

साहेबांनी 'तक्रार'चं बटण दाबलं. मी नाव पुसलं होतं, तक्रारी जायचा पत्ता तसाच! तक्रार थेट रेवतीकडे. पाठोपाठ इतरांच्याही: पोळ्या कडक, आमटी पातळ...

प्रत्येक तक्रारीखाली ताईचं नाव, आडनाव, नंबर होताच. फोन आला, तो मी उचलला. आडनाव बघून बाई मराठीतच बोलल्या. (घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच.)

"नमस्कार, मी रेवती. तुमची कुत्री पोळ्या कडक आहेत म्हणतायत. स्वल्प समजावून सांगता का?"

मी मनात हिशोब मांडला: ऑर्डर गेली, आता पोलीस, मग लातूरची गाडी!

"अक्का, चुकलं! आत्ता बंद करतो!"

"बंद कशाला? वापरायलाच ठेवलाय. बदला, विका, सरी, चालेल. फक्त माझं नाव पुसू नका. त्या परिच्छेदात एवढंच आहे हो!"

कान लावून बसलेल्या ताईने माझ्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या! आहेराच्या पातेल्यावरचं देणाऱ्याचं नाव कुणी घासून काढतं का?"

(काढायला कुणी सांगितलं, हे विचारायची ती वेळ नव्हती.)

"अगदी तस्संच!" अक्का हसल्या. जंताचा निरोप कसा काढायचा ते त्यांनी फोनवरच शिकवलं, आणि साहेबांना स्वतः कळवलं, 'निरोप माझ्या कुत्र्यांसाठी होता, भात तुमच्यासाठी.' साहेबांच्या घरी खरंच कुत्रा निघाला. जंताचं औषधही खरंच राहिलं होतं! ऑर्डर ताईला मिळाली.

आता प्रोग्रामात ताईच्या नावाच्या वर रेवतीअक्कांचं नाव आहे. मी घातलेली 'कमी तिखट'ची सोय अक्कांनी आपल्या प्रोग्रामात घेतली, माझ्या नावासकट! आमच्या घराण्यातलं पहिलंच नाव नेटवर झळकलं, ते मारतहळ्ळीच्या कुत्र्यांच्या जेवणाखाली.

अक्का, एक दिवस मी स्वतः लिहिलेला अख्खा प्रोग्राम तुम्हाला आहेर म्हणून देणार. पहिली ओळ झालीसुद्धा! (ती तुमचीच आहे. पण या वेळी नाव ठेवलंय.)