गवळणीची मिशी

गुलाबरावाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हिरवं लुगडं नेसून, कपाळाला कुंकू लावून मिशीला तेल चोळत बसला होता. नांदगाव खंडेश्वराजवळच्या त्या गावात मी नवाच मास्तर म्हणून आलो होतो आणि पारावर दिवाळीची दंडार उभी राहायची होती. दंडार म्हणजे आमच्या वऱ्हाडातला गाण्यांचा, सोंगांचा खेळ. त्यात बाया होतात तेही पुरुषच. मी म्हटलं, "अहो, गवळणीला मिशी कशी?"

"गवळनीले नाही मास्तर, मले हाये. माहा बाप जिता हाये ना!"

बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो. बाप जिवंत असताना उतरवणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं. म्हणून आमची गवळण नाकापर्यंत पदर ओढून गायची. पण गायला लागली की कसली मिशी न् कसलं काय! गावातल्या बाया म्हणायच्या, "आमाले काही असं लाजता येत नाही वो."

एरवी तो माळी. वांगी पिकवायची आणि गाडीत घालून अमरावतीच्या बाजारात न्यायची. "वांगं न् गानं, देठ हिरवं तवरच खरं," असं त्याचं म्हणणं, म्हणून वांगी तोडताना तो गातही असे. बाप नारायणबुवा मृदंग वाजवायचा. दंडार त्यानंच तरुणपणी उभी केलेली. म्हातारा तोंडाचा फटकळ, आणि लेकाचं कौतुक करायची वेळ आली की खोकायचा.

पुढे अमरावतीला बोलपट आले आणि दंडारीतली तरणी पोरं तिकडे पळू लागली. मृदंगाचं कातडं फाटलं, लुगडी विरली. एकदा नारायणबुवानं मला विचारलं, "मास्तर, माह्या डोयादेखत दंडार मोडते काय जी?" त्याच सुमारास अमरावतीच्या काही वकिलांनी आणि कापसाच्या अडत्यांनी गावोगावच्या कलावंतांना मदत द्यायला एक मंडळ काढलं होतं. मी अर्ज लिहून टाकला.

मंडळाचे चिटणीस खेळ पाहायला आले. चांगला माणूस, गाण्यावर मान डोलावली. मग म्हणाले, "मदत दरवर्षी देऊ. पण अमरावतीला नाट्यगृहात खेळ करून दाखवावा लागेल, आणि स्त्रीपात्राला मिशी चालणार नाही."

गुलाबराव तडकला. "दंडारीसाठी बाप मारू काय? नोको मले तुमची मदत!"

म्हातारा मृदंगामागून ओरडला, "अबे लेका, मी काय तुह्या मिशीले लटकून जगून राह्यलो? काढ ते! दंडार मेली त मी तसाबी मरतो."

न्हाव्याला त्यानंच बोलावणं धाडलं. वस्तरा लागला तेव्हा गुलाबरावाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि म्हातारा आपला समोर बसून "डावीकडं राह्यली रे थोडी," असं न्हाव्याला सांगत होता.

अमरावतीचा खेळ झकास झाला. मदत मंजूर झाली. नवं कातडं चढवून मृदंग घुमायला लागला. पण गुलाबराव तशाच सफाचट ओठानं वांगी घेऊन बाजारात गेला आणि घोटाळा झाला. अशा माणसाला कोणी काही विचारत नाही, नुसता सुस्कारा टाकून पुढं जातात. परतवाड्याच्या एका ओळखीच्यानं तेच केलं, आणि घरी जाऊन बातमी सांगितली. दुसऱ्याच दिवशी नारायणबुवाची परतवाड्याची बहीण वेशीपासून टाहो फोडत आली, "माहा भाऊ गेला वो!"

भाऊ ओट्यावर भाकर खात बसला होता. म्हणाला, "ये, बस. घे रडून. मीबी आयकतो, माह्यासाठी कोन किती रडते ते."

तिनं आधी त्याला शिव्या घातल्या आणि मग खरंच रडली.

पुढे दर दिवाळीला मिशी उतरायची आणि होळीपर्यंत पुन्हा यायची. बाजारालाही सवय झाली. ओठ साफ दिसला की लोक ओळखायचे, दंडार आहे. म्हातारा दरवेळी हसायचा, "मले मारलं काय रे यंदाबी?"

आणि एका वर्षी, खेळ आटोपून थोडेच दिवस झाले असताना, नारायणबुवा खरंच गेला. दहाव्याला गुलाबरावानं सगळं उतरवलं. वांगी तोडायला आली होती, ती घेऊन तो लगेच बाजारात गेला, डोक्याला रुमाल बांधून. मी सोबत होतो. एका बागवानानं लांबूनच हाक मारली, "काहून गुलाबराव, आता कुठं हाये दंडार?"

गुलाबराव उभाच राहिला. "नाही भाऊ," तो म्हणाला, "बाप गेला माहा." बागवान हसला. त्याला ती थट्टाच वाटली. गुलाबरावाला तेच पुन्हा सांगावं लागलं. त्या दिवशी बाजारात त्याला ते किती जणांना सांगावं लागलं!

दुसऱ्या दिवाळीच्या आधी चिटणीस आले. गुलाबरावाची मिशी भरून आली होती. ते म्हणाले, "आता तर तुमची अडचणही उरली नाही. कायमचीच काढून टाका."

"बाप होता तवा काढत होतो साहेब. तो समोर बसून हासे, म्हनून ते सोंग होतं. आता काढली त सोंग राहात नाही."

"मग मदत बंद होईल."

"होऊ द्या."

मदत बंद झाली. त्या वर्षी मृदंग दुसऱ्या कोणी, बुवाची जागा सोडून बाजूला बसून वाजवला, थोडा बेतालच. पारावर गवळण पुन्हा नाकापर्यंत पदर ओढून उभी राहिली. गायच्या आधी तिनं बुवाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, पदराआड हात नेऊन मिशी चाचपली, आणि मगच आवाज लावला.