थोरलीचं मोडकं शिंग

“ऐका हो ऐका! समस्त सोलापूरकरांनो! साच्यावरच्या, मागावरच्या, विडीच्या सुपाम्होरच्या आयाबायांनो आन् बाप्यांनो! बाब लई गंभीर हाय, हसू नका. ह्या गावातलं निम्मं संसार एका शिंगापायी मोडायला आल्यात! निकाल येत्या रविवारी, दुपारच्या खेळाला!”

टांग्यात उभे राहून मास्तर ही घोषणा करत, तेव्हा एखाद्या लाटसाहेबाच्या मरणाची वार्ता सांगावी तसा चेहरा करत. डाव्या हाताने टांग्याची दांडी धरलेली, उजव्या हातात वेताची काठी. पोरं मागे धावत. मास्तर त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत. गंभीर बाबीत पोरांकडे बघायचं नसतं.

तुमच्यातल्या ज्यांनी मूकपटांचे दिवस पाहिलेत, त्यांना असा एखादा माणूस आठवत असेल. चित्र हलायचं पण बोलायचं नाही, मधेमधे इंग्रजी अक्षरांच्या पाट्या यायच्या, आणि त्या वाचणारं थेटरात कोण असणार? म्हणून पडद्यापुढे एक सांगणारा उभा असे. आमच्याकडे ते काम मास्तरांचं. मी खाली पेटी वाजवत असे, तेव्हा हे सगळं मी फार जवळून पाहिलेलं आहे. पेटीवाल्याला कोणी बघत नाही, पेटीवाला मात्र सगळ्यांना बघतो.

मास्तर मूळचे मंगळवेढ्याचे. तिथे ते दवंडी पिटत. आमच्या मालकांनी बाजारात त्यांचा आवाज ऐकला आणि हलगीसकट उचलून आणलं. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. थेटरामागच्या खोलीत एक चूल, एक पथारी आणि ती काठी एवढाच त्यांचा संसार. पण पडद्यापुढे उभे राहिले की साताठशे माणसं त्यांच्या घरची होत. रीळ बदलताना उजेड झाला की लोक उठू लागत. मग काठी आपटून त्यांचं ठरलेलं वाक्य येई: “उठू नका! लेवकंडी! उठो नक्को! अजून संपलं न्हाय!” मराठी, तेलुगू, दखनी, तिन्ही एका दमात. एकदा कोणाच्या तेराव्याला जेवणाच्या पंगतीतही ते असंच म्हणाले. यजमानांनी घाईघाईने आणखी जिलेबी आणली.

त्यांचा एक नियम होता. कोणी फार ताणून विचारलं की सांगत, “कानाला खुलवावं, डोळ्याला फसवू न्हाय.” म्हणजे चित्रातला गोरा साहेब मास्तरांच्या तोंडून सांगोल्याच्या शेळ्यांचे भाव बोलेल, पण पडलेला माणूस पडलाच म्हणायचा.

आता शिंगाकडे येऊ. आमचं थेटर म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. मधोमध पांढरं कापड ताणलेलं. पुढच्या बाजूला बाप्ये, मागच्या बाजूला बायका. खेळाआधी पखालवाला कापड भिजवी, म्हणजे चित्र पलीकडूनही दिसे. फक्त बायकांना ते आरशातल्यासारखं उलटं दिसे. आमच्याकडे डाव्या हाताने जेवणारा राजा तिकडे उजव्या हाताने जेवे. त्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग तो परदेशी चित्रपट आला. माणूस जन्मण्याआधीची अवाढव्य जनावरं, ज्यांना शिकलेले लोक डायनोसॉर म्हणतात, ती एका बेटावर अजून जिवंत आहेत आणि चार साहेब, एक मडम तिथे जातात, अशी गोष्ट. त्यातली एक मादी, डोंगराएवढी, कपाळावर दोन शिंगं, त्यातलं एक मोडकं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, थोरली. बेटावरचा डोंगर पेटतो, राख पडू लागते, आणि थोरली पळायचं सोडून अंड्यांवर अंग पसरून बसते. त्या ठिकाणी मास्तर आवाज खाली आणत आणि तिच्या तोंडून म्हणत, “सावलीत बसा गं लेकरांनो. ऊन लई हाय.”

सोलापूरच्या चैत्रात, तापलेल्या पत्र्याखाली हे वाक्य ऐकलेल्या माणसाला विचारा.

राख वाढत जाई, थोरली दिसेनाशी होई, साहेबलोक होडीतून पळत आणि खेळ संपे. शेवटच्या पाटीवर लिहिलेलं असे की साहेब पुन्हा बेटावर जातील. पहिल्याच दिवशी पडद्यामागून एक बाई ओरडली, “आरं मास्तरा, उठली का न्हाय ती?” या आक्का, गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या. आवाज असा की साच्यांच्या, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या, खडखडाटातही ऐकू जावा.

मास्तर गडबडले. पडद्याकडे पाहिलं. पडदा कोरा. आणि त्या भरात बोलून गेले, “उठंल! दुसऱ्या भागात उठंल! न्हाय उठली तर ही काठी मोडीन, आन् ह्या पडद्याम्होरं परत उभा ऱ्हाणार न्हाय!”

टाळ्या पडल्या. शपथ घेताना टाळ्या फार गोड लागतात.

दोन वर्षं लोकांनी ते धरून ठेवलं. मास्तर बाजारात मेथी घ्यायला गेले तरी भाजीवाली विचारी, “उठणार नव्हं?” आणि घरोघरी दुसरंच चाललेलं. नवरा म्हणे थोरलीचं डावं शिंग मोडकं, बायको म्हणे उजवं. माझ्या शेजारचा विणकर आणि त्याची बायको तेलुगूत यावरून असे भांडत की मला पेटीवर नवे राग सुचत. कोणी मास्तरांना न्याय करायला सांगितलं, तर ते म्हणत, “नवऱ्याचंबी खरं, बायकूचंबी खरं. ह्याला संसार म्हंत्यात.”

दुसरा भाग येतोय म्हटल्यावर मालक त्यांना हळूच म्हणाले, “मास्तर, ती शपथ जाऊ द्या. लोक विसरले असतील.”

“मालक, लोक जेवायचं विसरतील.”

रिळांची पेटी त्याच रविवारी बाराच्या गाडीने आली. आधी बघायला सवड नव्हतीच. यंत्र चालवणारे आमचे चाचा रिळं जोडताना तुकडे उजेडाला धरून बघत, तेवढंच. मी पाणी प्यायला वर गेलो तर चाचा एका रिळाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा उजेडाला धरत होते. “कैसा है?” म्हटलं. “देखेंगे,” म्हणाले, आणि माझ्याकडे पाठ केली.

खेळ सुरू झाला. दोन्ही बाजू खच्चून भरलेल्या, पत्रा तापलेला, ओल्या कापडाची वाफ निघतेय. मास्तरांनी धुवट सदरा घातला होता.

दुसरा भाग म्हणजे दुसरेपणाची नवरी. ती कशीही असो, लोक पहिलीचीच आठवण काढणार. आणि खरं सांगतो, ही नवरी जरा लंगडतच होती. साहेब तेच होते, पण मडम बदललेली. लोक कुजबुजले. मास्तर लगेच, “बाईला मदी देवी आल्या व्हत्या, तोंडवळा पालटला!”

“मग वण कुटं हायती?” पुढून एकजण.

“गोऱ्या देवी. वण पडत न्हाईत.”

पहिल्या भागात एक जनावर होतं आणि आम्ही त्याच्यासाठी रडलो. या भागात कळप होता, तेव्हा लोक शेंगा फोडू लागले. जनावरं एकमेकांना चावत होती, दरीत ढकलत होती, फार मेहनत घेत होती. मास्तर जीव तोडून सांगत होते, पण प्रत्येक नवं जनावर आलं की त्यांची नजर आधी त्याच्या कपाळावर जाई. लोकांचीही. “ही का? ही का?” पडद्यामागून आक्कांचा आवाज. “अजून न्हाय. दम धरा,” मास्तर म्हणत. रिळं संपत होती. मी पेटीचा भाता नुसता दाबत होतो, सूर कुठले लावतोय मलाच कळत नव्हतं.

मग ते रीळ लागलं. साहेबलोक जुन्या जागी पोचतात, राखेचा ढीग उकरतात, आणि खालून हाडं निघतात. बरगड्या, कणा, मग भलीमोठी कवटी. कवटीवर दोन शिंगं, एक मोडकं.

शेंगा थांबल्या. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

आणि एवढ्यात पुढून कोणीतरी ओरडलं, “ही आपली न्हाय! आपलीचं डावं मोडलंय, हिचं उजवं हाय!” पाठोपाठ पडद्यामागून बायकांचा कल्ला, “व्हय, व्हय! आपलीचं उजवं मोडकं, हिचं डावं!” दोन वर्षांत पहिल्यांदा सोलापुरातल्या नवऱ्याबायकांचं एकमत झालं. टोप्या उडाल्या. शिट्ट्या झाल्या. मागे दाराशी उभे असलेले मालक कपाळ पुसून हसले.

मी मात्र हसलो नाही. हाडांच्या आधी जी पाटी आली होती, तिची अक्षरं उलटी होती. मला इंग्रजी येत नाही, पण गिरणीच्या धोतरांवरचे शिक्के बघून अक्षराचं तोंड कुठे असतं ते कळतं. रीळ उलटं लागलं होतं. म्हणून डावं उजव्यात गेलं होतं आणि उजवं डाव्यात.

मास्तरांनाही कळलं होतं. ते थोडंफार इंग्रजी वाचत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून यंत्राच्या भोकाकडे. लोक अजून ओरडत होते. मास्तरांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं “ही दुसरी” म्हणायचं आणि पुढे जायचं. मी मनात म्हणत होतो, म्हणा मास्तर, म्हणून टाका.

त्यांनी काठी आपटली. “चाचा! थांबवा!”

घरघर थांबली. अंधार.

“चाचा, उपकार झालं तुमचं. आता सुलटं लावा.”

वरून चाचांचा आवाज, “मास्तर, रैने दो ना.”

“लावा.”

चाचांनी त्याआधी कधी रीळ उलटं लावलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही.

पाटी पुन्हा आली, सरळ. हाडं आली. कवटी आली. डावं शिंग मोडकं. मागे बायकांना उजवं. काही बोलायची गरजच नव्हती. मास्तर तरी बोलले, आणि दवंडीच्या आवाजात नाही, घरात बोलावं तसं. “थोरली हाय. उठली न्हाय ती. म्या बोललो ते खोटं झालं.” गुडघ्यावर घालून त्यांनी वेताची काठी मोडली. वेत सहजी मोडत नाही. दोनदा वाकला, मग कडकन तुटला. ते दोन तुकडे त्यांनी माझ्या पेटीवर ठेवले आणि दाराकडे चालू लागले. चित्र चालूच होतं. साताठशे माणसांतून एक माणूस वाट काढत निघाला होता आणि कोणी त्याला अडवत नव्हतं. शपथ सगळ्यांनी ऐकली होती.

“आरं मास्तरा!” पडद्यामागून आक्का. “उठून कुटं चाललास? अजून संपलं न्हाय की!”

मास्तर थांबले. “आक्का, पडद्याम्होरं उभं ऱ्हायाचं न्हाय, असं बोललोय म्या.”

“म्होरं न्हाय म्हनलास. मग मागं ये की! आमच्या बाजूला काय काटं हायती?”

क्षणभर कोणाला कळेना. मग पुढून एक म्हातारा खो खो हसला, आणि ते हसू शेडभर पसरलं. बायकांच्या बाजूला बाप्याने जायचं नाही हा नियम मालकांचा. सगळे मालकांकडे बघू लागले. मालकांनी छताकडे पाहिलं, जणू पत्र्यात त्यांना काहीतरी सापडलं होतं. मास्तर डोकं खाली घालून, ओलं कापड हाताने उचलून, पलीकडे गेले.

शेवटच्या रिळात एक तरणी मादी येते. दोन्ही शिंगं धड. ती घरट्याशी उभी राहते, ऊन कलतं, एवढंच. चित्र म्हणून त्यात काही नाही, आणि दुसरा भाग कसा होता म्हणाल तर मी सांगेन की पहिल्याच्या पासंगाला पुरला नाही. पण त्या वेळी पडद्यामागून, न दिसणाऱ्या माणसाचा आवाज आला. “सावलीत बसा गं लेकरांनो. ऊन लई हाय.” पुढच्या बाकावरच्या जॉबरने, म्हणजे गिरणीच्या मुकादमाने, ज्याला सारं साच्याचं खातं भ्यायचं, उपरणं डोळ्याला लावलं.

पुढची काही वर्षं मास्तर पडद्यामागूनच सांगत. बाप्यांना नुसता आवाज ऐकू येई. बायकांना माणूस दिसे. काठी नव्हती, आक्कांनी कांडीच्या खात्यातून आणलेला एक लाकडी दांडका असे. “पाट्या उलट्या दिसत्यात हितनं,” ते तक्रार करत, “पर आता उलटं वाचायची सवय झाली.”

मग बोलपट आले. पडदा भिंतीवर गेला, बायका वर माडीवर गेल्या, पखालवाला गेला, मी गेलो. मास्तर मंगळवेढ्याला परतले. पुढच्या उन्हाळ्यात त्या बाजूने आलेल्या कोणीतरी चाचांना सांगितलं की ते वारले. चाचांनी यंत्र थांबवलं नाही, पण त्या दिवशी रीळ बदलायला त्यांना नेहमीपेक्षा उशीर लागला.

गेल्या वर्षी तसल्याच जनावरांचा एक बोलपट लागला. मी आणि चाचा मुद्दाम गेलो, प्रेक्षक म्हणून. शिंगं असलेली एक मादी आली, डोंगराएवढी, आणि कर्ण्यातून अशी गर्जली की खुर्च्या हादरल्या. पोरं आयांना चिकटली. मग राख पडू लागली, ती अंड्यांपाशी जाऊन उभी राहिली आणि पुन्हा गर्जली. सगळं थेटर वाट बघत बसल्यासारखं मला वाटलं, खरं म्हणजे कदाचित मीच बघत होतो. तिने आणखी एकदा तोंड उघडलं, आणखी एक गर्जना.

आणि त्या गडगडाटातही ऐकू जाईल अशा आवाजात, वर माडीवरून आक्का म्हणाल्या, “आगं बया, ही तर मुकी हाय!”